मोकाशी मॅडमचा उन्हाळा

“पेशवाईत बरं होतं हो. ए.सी. लागायचाच नाही कुणाला.”

आतल्या खोलीत मी खिडकीची रुंदी मोजत होते, तेव्हा हे बाहेरून ऐकू आलं. बोलणारे घराचे मालक होते. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना हॉलसाठी ए.सी. हवा होता, आणि तो हवा असल्याची थोडी लाजही वाटत होती. मग मोकाशी मॅडमचा आवाज आला.

“लागायचा की. फक्त त्याला दोन वेळ जेवायला घालावं लागायचं.”

“म्हणजे?”

“दारांना वाळ्याचे पडदे लावायचे. पण त्यांच्यावर पाणी कोण मारणार, सबंध दुपारभर? मालक आत गार झोपलेले आणि बाहेर उन्हात एक माणूस भांडं घेऊन उभा. तो त्यांचा ए.सी. आपला भिंतीवर टांगता येतो, एवढाच फरक.”

मी हसू दाबलं आणि टेपवरचा आकडा विसरले. परत मोजावं लागलं.

खरं तर सगळं कळलं म्हणून मी हसले नव्हते. वाळा म्हणजे बारशाला बाळाच्या पायात घालतात तो, एवढंच मला माहीत होतं. त्यामुळे माझ्या डोळ्यासमोर कडेला चांदीचे छोटे वाळे टाकलेले पडदे आले. वारा आला की वाजत असतील. त्यांच्यावर पाणी कशासाठी मारायचं, ते कळलं नाही. पण पेशवाईत काहीही असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. विचारलं नाही. मी तेव्हा कुणाला काही विचारत नसे.

मोकाशी मॅडमकडे मी जेमतेम दीड वर्ष काम केलं. दोन उन्हाळे आणि त्यांच्यामधला एक हिवाळा. आता ते ऑफिस नाही. त्या जागी चष्म्याचं दुकान आलंय, आणि मॅडम त्यांच्या धाकट्या बहिणीकडे नाशिकला असतात. फोनवर त्या फार बोलत नाहीत, मीही नाही. त्यामुळे आमचे फोन लवकर आटपतात आणि दोघींनाही बरं वाटतं.

आमचं काम असं होतं, की लोकांच्या घरी जायचं, घर बघायचं आणि कुठल्या खोलीत काय लावावं ते सांगायचं. ए.सी., कूलर, पंखा, हीटर, किंवा काहीच नाही. आम्ही यंत्रं विकत नव्हतो. फक्त सल्ला द्यायचो आणि लावलेल्या यंत्रांची देखभाल बघायचो. ‘काहीच नाही’ हा सल्ला मॅडम इतक्यांदा द्यायच्या, की काही लोक पुन्हा दुसरीकडे जाऊन खात्री करून घ्यायचे आणि वर आम्हालाच फोन करून सांगायचे, “ते म्हणतात दोन लावा.” त्यावर मॅडम म्हणायच्या, “लावा की. एक तुम्हाला आणि एक त्यांना.”

साठी ओलांडलेली उंच बाई. सुती साडी, आणि पायात शाळेतल्या मुलांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट. गच्चीवर जावं लागतं आणि तिथे चपला भाजतात, म्हणून. मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या. हे क्षेत्र का निवडलं असं कुणी विचारलं, तर सांगायच्या, “वर्गात मुलगी मी एकटी. मान म्हणून पंख्याखाली बसवायचे. बाकीचे घामाघूम. तेव्हाच ठरवलं, की जन्मभर लोकांना घाम का येतो तेच बघायचं.” लोक हसायचे. खरं कारण वेगळं होतं, पण ते मला बरंच नंतर कळलं.

कुठल्याही घरात शिरल्यावर त्या आधी काही मोजायच्या नाहीत. खोलीखोलीतून फिरून प्रत्येक भिंतीला हाताची मागची बाजू लावून बघायच्या. लहान मुलाचं कपाळ बघतात ना, तसं. पश्चिमेच्या भिंतीवर हात जरा जास्त वेळ राहायचा. “हिला ताप आहे,” असं म्हणून पुढे जायच्या. मग घरातल्या माणसांना त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा, “भर दुपारी तुम्ही घरात कुठे असता?”

वाघोलीला अगदी वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहत होतं. दोघं आय.टी.मध्ये. त्यांनी फ्रिजला चिकटवून ठेवलेल्या कागदावर सगळ्या कंपन्यांची तुलना केली होती. मॅडमनी तो कागद आदराने वाचला आणि हा प्रश्न विचारला.

“दुपारी? ऑफिसमध्ये,” नवरा म्हणाला. “पण मॅम, आम्हाला हॉल चिल्ड हवाय, टू टन. आल्या आल्या.”

“मग दिवसभर हॉल तापू द्यायचा आणि संध्याकाळी त्याच्याशी मारामारी करायची. त्यापेक्षा वरचा स्लॅब पांढरा करून घ्या आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करा. आतून पडदा लावून उपयोग नाही, ऊन तोवर घरात आलेलं असतं. एवढं केलंत तर बेडरूमला एक टनही पुष्कळ होईल.”

“आणि हॉलला?”

“हॉलला कोण असतं दुपारी? पाल. तिला सवय आहे.”

बायको इतकी हसली, की नवऱ्याला तो कागद काढावा लागला.

‘टन’ या शब्दाने आमच्या पेठेतल्या वयस्कर गिऱ्हाइकांना फार त्रास दिला. एका आजोबांनी दीड टनाचा ए.सी. पेलायला भिंत भक्कम आहे का, हे बघायला गवंडी बोलावून ठेवला होता. मॅडमनी त्यांना समजावलं, की हे वजन नाही. एक टन बर्फ सबंध दिवसात वितळताना जेवढं गार करील, तेवढं हे यंत्र करतं. पूर्वी बर्फानेच मोजायचे, म्हणून तो शब्द राहिला.

आजोबांनी विचार केला. “मग एवढ्या बर्फाचं पाणी कुठे जाणार?”

“खालच्यांच्या गॅलरीत,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “तुमचं त्यांच्याशी नाहीतरी पटत नाही ना?”

मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात मराठी बोलायचो, पण लिहायची वेळ फारशी यायची नाही. सुरुवातीला मी अहवाल इंग्रजीत लिहिले. मॅडम म्हणाल्या, “हे वाचणारं माणूस रात्री घरात काय म्हणतं? उकडतंय म्हणतं. मग उकडण्याबद्दल लिही.” मी शब्दकोश काढून ‘उष्णता-भार’ लिहिलं. “हे काय, हमाली आहे का? ‘घर किती तापतं’ असं लिही.” असे बरेच शब्द त्यांनी माझ्याकडून सोडवून घेतले. आज हे मी मराठीत लिहिते आहे, कारण त्या मला इंग्रजीत आठवतच नाहीत.

देखभालीच्या बाबतीत मात्र त्या कडक होत्या. यंत्र लावणं म्हणजे लग्न नव्हे, की अक्षता टाकल्या आणि जेवून घरी गेलं, असं त्या सगळ्यांना बजावायच्या. ए.सी.ची जाळी दर पंधरवड्याला धुवायची, आणि घरातल्याच माणसाने धुवायची. लोक विसरतात म्हणून त्यांनी ते एकादशीला बांधून टाकलं होतं. “एकादशी म्हणजे त्याचाही उपास. बंद करा, जाळी काढा, नळाखाली धरा, सावलीत वाळवा.” भवानी पेठेतल्या एका बागवान कुटुंबाला त्यांनी एक जुम्मा सोडून दुसरा ठरवून दिला होता. तिथल्या आजी आम्ही गेलो की आधी धुतलेली जाळी आणून दाखवायच्या, शाळेतल्या मुलीसारखी, आणि मॅडम ती उजेडात धरून गंभीरपणे म्हणायच्या, “पैकीच्या पैकी.”

हिवाळ्यात काम कमी असायचं. मांजरी गावात उसाच्या शेतांना लागून एका बंगल्यात एक जोडपं राहायला आलं होतं. मुलाकडे परदेशात बरीच वर्षं राहून आलेलं. त्यांना तिकडच्यासारखं सबंध घर गरम करणारं काहीतरी हवं होतं. मॅडमनी घर बघितलं. मग काकांची खुर्ची उचलून पूर्वेच्या खिडकीपाशी नेली आणि त्यांना बसवलं. उसावरून आलेलं कोवळं ऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडलं.

“हे झालं सकाळचं,” मॅडम म्हणाल्या.

“आणि ढग असले तर?” काकूंनी विचारलं. त्या काही भोळ्या नव्हत्या.

“तर तेलाचा छोटा हीटर, एका खोलीपुरता. रात्री खोलीचं दार लावा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. घर मोठं आहे, पण थंडी वाजणारी माणसं दोनच आहेत. तुम्हाला गरम करा, घराला कशाला?”

परतताना गाडीत त्या पेशवाईवर आल्या. त्या नेहमीच यायच्या. त्या काळच्या घरांबद्दल त्या अशा बोलायच्या, की जणू ती त्यांचीच जुनी गिऱ्हाइकं होती आणि त्यांपैकी काहींनी सल्ला ऐकला नव्हता. भिंती जाड, मधोमध चौक, त्यातून गरम हवा वर निघून जायची. दुपारी सगळे खालच्या अंधाऱ्या माजघरात, रात्री गच्चीवर, थंडीत न्हाणीघराच्या चुलीला पाठ लागेल अशा खोलीत. “घर जागच्या जागी असायचं, माणसं हलायची. आता माणूस जागचा हलत नाही आणि घराला सांगतो, तू बदल.” मग लगेच, आपण फार कौतुक करतोय असं वाटून, म्हणायच्या, “अर्थात, हे वाडेवाल्यांचं. बाकीच्यांना कडुनिंबाची सावली.”

एकदा मी, बहुधा पहिल्यांदाच, आपणहून विचारलं, “मॅडम, हे सगळं तुम्ही कुठे वाचलंत?”

“वाचलं नाही. अण्णांनी सांगितलं.”

अण्णा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. शाळेत इतिहास शिकवायचे. मॅडम लहान असताना रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ते त्यांना पेशवाई सांगायचे, पण त्यात लढाया कमी असायच्या. कोण कुठे लढला हे सगळ्या पुस्तकांत असतं, उन्हाळ्यात ते झोपायचे कुठे हे कुणी सांगत नाही, असं अण्णांचं म्हणणं. “मी म्हटलं, मग तुम्ही शोधा. ते म्हणाले, तू शोध. म्हणून मी ही झाले.” ‘ही’ म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. समोरच्या ट्रकला हॉर्न दिला.

मला अण्णा भेटले ते मात्र बोलणं गेलेले. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. मॅडमचं घर ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर. दोघंच राहायचे. अण्णांचा पलंग रस्त्याकडच्या खिडकीला लावलेला असायचा, आणि त्याच्या पायथ्याशी गॅलरीचं दार. दिवसभर एक बाई यायची, पण दुपारी मॅडम स्वतः घरी असायच्या. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, दुपारी त्या भेटायच्या नाहीत.

झटक्यानंतर अण्णांच्या शरीराला ऊन सोसेनासं झालं होतं. घाम नीट यायचा नाही, बाहेर तापलं की तेही तापायचे. मी येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांना त्यापायी दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आणि डॉक्टरांनी मॅडमना स्पष्ट सांगितलं होतं, की असं पुन्हा झालं तर ते निभावतीलच असं नाही.

त्या खोलीत ए.सी. होता. मॅडमनी निवडलेला, म्हणजे उत्तमच. पण त्यावर कापडी खोळ घातलेली असायची. कारण ए.सी. लावला, की खिडकी आणि दार बंद. आणि बंद केलं, की अण्णांना रस्ता ऐकू येत नसे.

हे कळायला ती खोली दुपारी बघावी लागते. खालून जाणारे त्यांचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच टक्कल पडलेले, स्कूटर न थांबवता ओरडायचे, “नमस्कार, सर!” भाजीवाल्या मावशी खास त्यांच्यासाठी आवाज द्यायच्या, “मास्तर, शेवगा आलाय!” प्रत्येक वेळी अण्णांचा डावा हात चादरीवरून वर यायचा. कुणाला दिसायचा नाही, तरी यायचा. त्यांच्याकडे तेवढंच बोलणं उरलं होतं. ए.सी. लावून खिडकी बंद केली, की ते त्या काचेकडे बघत राहायचे आणि घशातून एक आवाज काढायचे. मॅडमना तो सहन व्हायचा नाही. त्या खिडकी उघडायच्या. बंदच असणाऱ्या त्या ए.सी.ची जाळीही त्या दर एकादशीला धुवायच्या.

माझ्या दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्या मला म्हणाल्या, “तन्वी, लक्ष्मी रस्त्यावरून येणार आहेस ना? येताना वाळा घेऊन ये. अण्णांसाठी.”

मला आश्चर्य वाटलं. पण दुखणाईताला कसली कसली कडी घालतात हे मी ऐकलं होतं. मी चांदीच्या दुकानात गेले.

“बाळ केवढं आहे?” दुकानदाराने विचारलं.

“बाळ नाही. मॅडमच्या भावासाठी आहे. मोठे आहेत ते.”

“किती मोठे?”

“सत्तरच्या पुढे.”

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी घाबरून मॅडमना फोन लावला. “मॅडम, माप काय सांगू?”

“अगं, गॅलरीच्या दाराचं माप तूच घेतलंस ना?” मॅडमचा आवाज फोनमधून सबंध दुकानाला ऐकू यायचा. “सात फूट बाय साडेतीन. जरा जास्तच घे.”

दुकानदाराने हातातला वाळा हळूच मखमलीवर ठेवला. “हत्तीचं बारसं आहे का हो?”

मी फोन बंद केला. मग त्यालाच दया आली. “अहो ताई, पायातला वाळा इथे मिळतो. तुमच्या मॅडमना मुळ्या हव्यात, सुवासिक. माठात टाकतात ना, तो वाळा. पुढच्या बोळात काष्ठौषधीचं दुकान आहे. तिथे त्यांना हत्ती सांगू नका, नुसतं वाळा म्हणा.”

त्या तपकिरी मुळ्यांच्या जुड्या रिक्षात घालून मी पोचले, तेव्हा माझ्या चेहऱ्यावरूनच मॅडमनी ओळखलं, की काहीतरी घडलंय. सांगावंच लागलं. त्या हसल्या नाहीत. मला हाताला धरून अण्णांच्या पलंगापाशी नेलं आणि म्हणाल्या, “अण्णा, ऐका. ही तुमच्यासाठी चांदीचे वाळे आणायला गेली होती.” पुढचं सगळं त्यांनी दुकानदाराच्या आवाजात सांगितलं. हत्तीपाशी आल्यावर अण्णांच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला आणि खांदा हलायला लागला. मॅडमनी ती गोष्ट त्या दिवशी त्यांना आणखी दोनदा सांगितली.

बुरूड आळीतून बांबूची चौकट बांधून आणली, तिच्यात वाळा विणून घेतला, आणि ती ताटी गॅलरीच्या दारात उभी केली. तिच्यावर पाणी मारलं. बाहेरची झळ त्या ओल्या मुळ्यांतून आत येताना गार होऊन आली, आणि खोलीभर एक वास पसरला. माठातल्या पाण्याचा असतो तसा, पण जास्त खोल. आणि खिडकी उघडी होती. “सर!” ऐकू येत होतं, शेवगा ऐकू येत होता.

भिंतीवर मॅडमनी दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगले. एक साधा, दुसऱ्याच्या बुडाला ओलं फडकं. “ही कोरडी सासू, ही ओली सून. हवा कोरडी असली, की सून खाली राहते आणि सासू वर. दोघींमध्ये जेवढं अंतर, तेवढं घर थंड.”

सगळा एप्रिल आणि अर्धा मे अंतर भरपूर होतं. मॅडम दुपारभर पाण्याचा मग घेऊन ताटीपाशी असायच्या. मी कागदपत्रं घेऊन तिथेच जायचे. बूट काढलेले, साडीचा काठ ओला, मध्येच एखाद्या गिऱ्हाइकाला फोनवर, “नाही, खिडकीचं तोंड उत्तरेला असेल तर गरज नाही,” आणि पुन्हा पाणी. एकदा मला म्हणाल्या, “बघ, शेवटी तीच नोकरी लागली. पाणी मारणाऱ्याची.” त्या वेळी त्या फार खूश होत्या. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मेच्या शेवटी हवा बदलली. दुपारनंतर ढग यायचे, पाऊस पडायचा नाही, अंगाला कपडे चिकटायचे. ताटी वाळेनाशी झाली. तिच्यातून आता झुळूक येत नव्हती, दमट वाफ यायची, आणि वासही बदलला होता. कुबट. सासू आणि सून शेजारी शेजारी येऊन बसल्या होत्या. मी ते बघत होते. मॅडम त्या भिंतीकडे बघत नव्हत्या. त्या पाणी मारत होत्या, आधीपेक्षा जास्त.

त्या दिवशी मी गेले, तेव्हा अण्णा डोळे मिटून होते. खालून कुणीतरी “सर!” म्हणून गेलं. हात वर आला नाही. मॅडमनी हाताची मागची बाजू त्यांच्या कपाळाला लावली आणि तो हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

“जरा गरम लागतंय,” त्या म्हणाल्या. “अजून एकदा भिजवते.”

दुसऱ्या कुणाच्या घरी हे चाललेलं असतं, तर मॅडमनी त्या माणसाला काय ऐकवलं असतं, ते मला शब्दन् शब्द माहीत होतं. बादलीत मग बुडाल्याचा आवाज झाला.

“मॅडम, आता पाणी मारू नका.”

त्या वळल्या. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, पण तोवर पुढचं तोंडातून निघालं होतं. “हवा कोरडी राहिलेली नाही. पाण्याने उलट वाढतंय. ए.सी. लावायला हवा. खिडकी बंद करून. आत्ता.”

“मला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. आणि मगातल्या पाण्याकडे बघत, “माहीत आहे गं मला. खिडकी लावली की ते एकटे पडतात.”

मी पुढे होऊन ताटीचं एक टोक धरलं. दुसरं त्यांनी धरलं. पाण्याने ती इतकी जड झाली होती, की दोघींना मिळून ती गॅलरीत ठेवताना धाप लागली. दार लावलं. मॅडमनी ए.सी.ची खोळ काढून, घडी करून कपाटात ठेवली. खिडकीची काच मी ओढून घेतली आणि रस्ता एकदम बंद झाला, रेडिओ बंद करावा तसा. यंत्र सुरू झालं. त्याचा आवाज अगदी कमी होता. मॅडमनी निवडलेलंच होतं ते.

डॉक्टरांना फोन झाला. ओल्या फडक्याने मॅडमनी अण्णांचे हातपाय पुसले, चमच्याने पाणी पाजलं. हळूहळू खोली उतरली, कपाळ उतरलं, श्वास सारखा झाला. उन्हं कलायला आली तेव्हा अण्णांनी डोळे उघडले. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग मान वळवून काचेकडे. तो आवाज त्यांच्या घशात सुरू झाला.

मॅडम पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. हात पदराला पुशीत होत्या, कोरडे झाले होते तरी. त्यांचा एक हात खिडकीकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला. जन्मभर सगळ्यांना उत्तर देणारी ती बाई माझ्याकडे बघत होती.

मी स्टूल ओढून काचेपाशी बसले. खाली बघितलं आणि जे दिसलं ते पुटपुटले.

“मोठ्याने,” मॅडम मागून म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच, कोरडा. “आणि डाव्या बाजूला सरक. उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही.”

मी सरकले. अण्णांचे डोळे माझ्यावर होते. सगळा रस्ता मला दिसत होता, आणि तो खोलीत कुणालाच ऐकू येत नव्हता.

“अण्णा,” मी मोठ्याने म्हणाले, “आंब्याची हातगाडी आलीय. गाडी आडवी लावलीय, त्यामुळे मागे रिक्षा अडकलीय, आणि रिक्षावाला खाली उतरून भांडायच्या ऐवजी आंबे बघतोय. आता त्याने एक आंबा उचलला. वास घेतोय. परत ठेवला. आता एक स्कूटर आली, त्यावरचे गृहस्थ वर बघतायत, आपल्या खिडकीकडे. त्यांनी हात केलाय, अण्णा. तुम्हाला नमस्कार करतायत.”